नव्या घराला स्मार्ट यंत्रणा वायर्ड की वायरलेस? गिलाव्याआधी ठरवा

वायरचा पर्याय भिंतींना गिलावा होईपर्यंतच खुला असतो. नंतर झिऱ्या फोडायला कुणी धजावत नाही आणि घर आपोआप वायरलेस होऊन बसतं. स्विच कोणत्या कंपनीचे, ॲप कोणतं, हे सावकाश ठरवा. भिंतीत आणि स्लॅबमध्ये काय पुरायचं ते मात्र पाइप पडण्याआधी कागदावर यायला हवं.

जे जागचं हलणार नाही आणि बंद पडलं तर घर अडेल, त्याला वायर द्या: दिव्यांचे स्विच, पडद्यांच्या मोटारी, कॅमेरे, दारावरची बेल, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट. पाणीगळतीचा सेन्सर, टेबललॅम्प, उशाशी ठेवायचं बटण हे वायरलेसच बरं. बहुतेक घरांना असं मिश्रण पुरतं. पूर्ण बस यंत्रणा (सगळे स्विच एकाच नियंत्रण-केबलवर) घ्यायची तर घर मोठं हवं आणि पुढे ती सांभाळणारा जाणकार हाताशी हवा.

काहीही निवडलंत तरी प्रत्येक स्विचबॉक्समध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) ओढून घ्या. साध्या फिटिंगमध्ये बॉक्सात फेज येतो, तिथून एक वायर दिव्याकडे जाते आणि न्यूट्रल परस्पर दिव्यापाशी पोचतो. स्मार्ट स्विचला स्वतः जागं राहायला सतत थोडी वीज लागते. न्यूट्रल नसेल तर तो ती दिव्यातूनच खेचतो. तीन-चार वॉटचा एलईडी मग बंद केल्यावरही मिणमिणतो, किंवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो: दिव्याच्या आतला कपॅसिटर थेंबाथेंबाने भरतो, दिवा क्षणभर पेटतो आणि कपॅसिटर पुन्हा रिकामा होतो. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर जोडून हे थांबवता येतं, पण नव्या घरात ही मलमपट्टी कशाला? एक पथ्य पाळा: न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. शेजारच्या सर्किटचा उचललात तर आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) पडत राहील आणि वायरमन दोष भलतीकडेच शोधत बसेल.

बॉक्सही खोल घ्या, किमान ५० मिमी, भिंत जाड असेल तर ६०. स्विचच्या पाठीमागे त्याचं स्मार्ट मॉड्यूल, त्यामागे वळवलेल्या वायरींचं भेंडोळं, एवढं उथळ बॉक्सात मावत नाही. जबरदस्तीने कोंबलं की जोड सैल होतात आणि डिमर तापतो.

आता पूर्ण वायर्ड यंत्रणा. त्यातलं जुनं, भरवशाचं नाव केएनएक्स. सगळे स्विच सुमारे ३० व्होल्ट डीसीच्या दोन तारांच्या बस केबलवर असतात आणि दिव्यांच्या वायरी स्विचकडे न येता थेट डीबीतल्या (विजेच्या मुख्य पेटीतल्या) ॲक्चुएटरपर्यंत, म्हणजे बसवरचा निरोप ऐकून दिवे चालू-बंद करणाऱ्या उपकरणापर्यंत जातात. केबल सरळ, फांद्यांसारखी किंवा ताऱ्यासारखी टाकता येते. फक्त वर्तुळ पुरं करायचं नाही. एका सेगमेंटमध्ये एकूण लांबी १००० मीटर आणि पॉवर सप्लायपासून कोणतंही उपकरण ३५० मीटरच्या आत, ही मर्यादा घराला सहसा आड येत नाही. अडचण येते ती डीबीच्या जागेची. आठ चॅनेलचे बरेच ॲक्चुएटर आठ मॉड्यूल (एक मॉड्यूल म्हणजे पेटीत एका साध्या एमसीबीएवढी जागा) रुंद असतात. ३० सर्किटं म्हणजे असे चार, म्हणजेच ३२ मॉड्यूल. वर पॉवर सप्लाय, एमसीबी आणि पुढची वाढ. ७२ मॉड्यूलपेक्षा लहान पेटी घेऊ नका. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ईटीएसची (केएनएक्सचं प्रोग्रामिंग करायच्या सॉफ्टवेअरची) प्रोजेक्ट फाइल ताब्यात घ्या. ती हरवली तर एका बटणाचं काम बदलायलाही नव्या माणसाला बहुधा सगळं प्रोग्रामिंग मुळापासून करावं लागतं.

वायरलेसमध्ये बिघाड बहुतेक वेळा मांडणीत असतो. झिगबी (स्मार्ट उपकरणांचं कमी वीज खाणारं वायरलेस जाळं) आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरचं चॅनेल ‘ऑटो’वर ठेवलं तर आज नीट चालणारा सेन्सर उद्या गप्प होतो. २.४चं वाय-फाय चॅनेल १ किंवा ६ वर पक्कं करा आणि झिगबी चॅनेल २५ वर ठेवा. झिगबीचा हब (सगळ्या उपकरणांना जोडणारी मध्यवर्ती पेटी) राउटरला चिकटवू नका, मीटर-दोन मीटर लांब ठेवा. हबऐवजी यूएसबी डोंगल असेल तर एक्स्टेन्शन केबलवर लावा, कारण यूएसबी ३ पोर्टचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो.

झिगबीत थेट विजेवर चालणारी बहुतेक उपकरणं निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवरची पोचवत नाहीत. म्हणून आधी भिंतीतले स्विच जोडा, सेन्सर नंतर आणि ते जिथे बसणार तिथेच. साध्या स्विचमागे स्मार्ट बल्ब लावणं टाळाच. कुणीतरी सवयीने स्विच बंद करतं, बल्बची वीज जाते आणि त्याच्या वाटेने बोलणारे सेन्सरही तुटतात. मॅटरचा (स्मार्ट उपकरणांच्या सामाईक मानकाचा) शिक्का असलेली उपकरणं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी एकत्र नांदतात, पण आरसीसी भिंत आणि मोठा आरसा त्यांनाही अडवतोच.

डेटा केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल जोडाशी तुटते आणि पीओईवर (डेटा केबलमधूनच वीज देताना) व्होल्टेज पाडते. सगळ्या केबली एकाच मध्यवर्ती ठिकाणी आणा, भिंतीतली लांबी ९० मीटरच्या आत. टीव्हीपाशी दोन, छतावरच्या प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला एक, कॅमेऱ्याला एक. २५ मिमीच्या पाइपात चारपेक्षा जास्त नको, आणि दोन काटकोनी वळणांनंतर मधे बॉक्स हवा. विजेच्या पाइपापासून समांतर अंतर ३० सेंमी ठेवा. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवा आणि आठही तारा टेस्टरवर तपासा. खिळ्याने दुखावलेली केबल त्या दिवशी सहज बदलता येते. रिकाम्या पाइपांत नायलॉनची दोरी सोडून तोंडं टेपने बंद करा, नाहीतर आत गेलेला माल सुकून पाइप कायमचा बुजतो.