रिंग पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये घालून बघा

नवा रिंगसेट (पिस्टनभोवतीच्या खाचांत बसणाऱ्या कड्या) हातात आला की तो थेट पिस्टनवर चढवायचा मोह होतो. थांबा. प्रत्येक रिंग आधी ज्या सिलिंडरमध्ये बसणार त्यातच घाला, उलट्या पिस्टनने इंचभर खाली ढकला म्हणजे ती वाकडी राहत नाही, आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाच्या वरच्या रिंगला ढोबळ हिशोब असा: बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, १०० मिमीमागे ०.४ मिमी. जुन्या मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिमी, म्हणजे साधारण ०.२७. शेवटचा शब्द अर्थात मॅन्युअलचा. फट कमी असली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, बोअर ओरबाडला जातो, कधी रिंगच तुटते. किंचित जास्त फट त्यामानाने परवडली. कमी भरली तर बारीक कानशीने एकच टोक घासा, तेही बाहेरून आतल्या दिशेने.

पिस्टनवर चढवताना रिंगवरची खूण वर ठेवा. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर क्रँकपिनवर (क्रँकशाफ्टचा रॉड बसतो तो भाग) चरा पडलाच म्हणून समजा. मग तेल लावून, रिंगा रिंग कॉम्प्रेसरने (त्या दाबून धरणाऱ्या पट्ट्याने) आवळून, पिस्टन सिलिंडरमध्ये उतरवायला हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके. मध्येच अडकलं तर जोर करू नका. बहुधा एखादी रिंग कॉम्प्रेसरमधून निसटलेली असते. पिस्टन बाहेर काढा आणि पुन्हा बसवा.