कॉम्प्युटरची पदवी नसताना आयटीत प्रवेश: सांगलीत राहून करायची तयारी

ज्याने कॉम्प्युटरचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही आणि ज्याच्या गाठीशी नोकरीचा अनुभवही नाही, अशा सांगली-मिरजेकडच्या तरुणाने आयटीचा विषय काढला की त्याला पहिला सल्ला मिळतो तो पुण्याला जाण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण तो वेळेआधी दिला जातो. हाती काहीच नसताना कॉट बेसिसवर जागा घ्यायची, क्लासचे हप्ते भरायचे आणि घरून फोन आला की ‘चाललंय’ म्हणायचे, या क्रमाने गेल्यास शिकून होण्याआधीच पैसे संपतात. म्हणून शिकण्याचा टप्पा घरी राहूनच पार पाडावा आणि दाखवण्याजोगे काम तयार झाल्यावर गाव सोडावे.

प्रथम कामाचा प्रकार ठरवावा. आयटी म्हणजे केवळ प्रोग्रामिंग नव्हे. टेस्टिंग (तयार सॉफ्टवेअर तपासून चुका शोधणे), डेटाबेस (तक्त्यांत मांडलेल्या माहितीचा साठा) सांभाळणे, नेटवर्क आणि कॉम्प्युटर चालू ठेवणे ही कामेही त्यातच येतात. मोठ्या कंपन्या बहुधा पदवी पाहतात आणि थेट कॉलेजांतून भरती करतात, त्यामुळे त्यांच्या दारापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. मिरजेतील रुग्णालये, कुपवाड एमआयडीसीतील कारखाने, साखर कारखाने आणि पतसंस्था येथे मात्र कॉम्प्युटर, प्रिंटर आणि नेटवर्क रोज बिघडतात, आणि ते दुरुस्त करणाऱ्याची पदवी सहसा कोणी विचारत नाही. अशा ठिकाणचे सपोर्टचे काम काही जण कमीपणाचे मानतात. माझ्या मते तक्रार ऐकून घेणे, बिघाड नेमका कुठे आहे ते शोधणे आणि केलेली दुरुस्ती लिहून ठेवणे या तीन सवयी तिथे जितक्या पक्क्या होतात, तितक्या कोणत्याही वर्गात होत नाहीत.

शिकण्यासाठी लगेच मोठी फी भरू नये. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्स (कॉम्प्युटर चालवणारी एक मोफत प्रणाली), पायथॉन (प्रोग्रामिंगची एक भाषा) यांसारख्या विषयांचे छोटे पाठ विनामूल्य मिळतात आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. दहावी झालेल्यांना आयटीआयमधील एक वर्षाचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा ट्रेडही उपयोगी पडतो. एमएस-सीआयटी अनेकांकडे असते, परंतु ती कॉम्प्युटरची तोंडओळख आहे. तेवढ्या बळावर आयटीतील नोकरी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

पाठ कितीही पाहिले, तरी विद्या हातात येते ती एखादे खरे काम पूर्ण केल्यावर. डेटाबेस शिकायचा असेल तर मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानाची हिशोबपट्टी घ्यावी. तारीख, शेतकरी, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि हातात पडणारी रक्कम असे रकाने एक्सेलमध्ये करावेत आणि काल्पनिक आकडे भरावेत, कारण दुकानाचा खरा हिशोब परवानगीशिवाय वापरणे योग्य नव्हे. काही नोंदी झाल्या की अडचण दिसू लागते. एकच शेतकरी एकदा ‘आ. रा. पाटील’, पुढे ‘आनंदराव पाटील’ आणि कधी ‘पाटील आनंदराव’ असा नोंदला जातो, आणि त्याची बेरीज तीन ठिकाणी विभागली जाते. उलट एकाच गावात दोन आनंदराव पाटील असणे आपल्याकडे मुळीच नवलाचे नाही, आणि मग दोघांचे पैसे एकाच्या नावावर दिसतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा आणि व्यवहारांचा वेगळा ठेवायचा, आणि व्यवहाराच्या नोंदीत नावाऐवजी तो क्रमांक लिहायचा. पुस्तकात ‘प्रायमरी की’ (शेतकऱ्यांच्या तक्त्यातील तो क्रमांक) आणि ‘फॉरेन की’ (व्यवहाराच्या नोंदीतील तोच क्रमांक) म्हणून जे पाठ करावे लागते, ते इथे गरजेतून समजते. त्यानंतर हेच तक्ते एसक्यूलाइट या मोफत मिळणाऱ्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावेत, गावनिहाय आवक आणि महिन्याचा सरासरी दर एसक्यूएल या डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेने काढावा, आणि शेवटी पायथॉनमध्ये एक लहान प्रोग्राम लिहून शेतकऱ्याची पट्टी आपोआप छापावी.

तयार झालेले काम गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या आणि इतरांना दाखवण्याच्या संकेतस्थळावर ठेवावे आणि सोबत अडचण काय होती, ती कशी सोडवली आणि काय बाकी आहे हे साध्या इंग्रजीत लिहावे. मुलाखतीत अनुभव विचारला गेला तर याच कामाविषयी बोलावे. त्यासाठी ते इंग्रजीत सांगण्याचा मोठ्याने सराव करावा. उच्चारांची फार काळजी करू नये, मात्र वाक्य अर्धवट सोडू नये.

पैसे देऊन अनुभवाचा खोटा दाखला मिळवण्याच्या फंदात अजिबात पडू नये. पूर्वीच्या नोकरीची पडताळणी करताना कंपन्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीही पाहतात, आणि बनावट दाखला उघडकीस आल्यास मिळालेली नोकरीही जाते. नोकरीच्या नावाखाली ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘लॅपटॉप डिपॉझिट’ मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये; पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. नेमणूकपत्र हाती आल्यावर पगाराच्या आकड्याआधी बाँडची मुदत आणि मध्येच नोकरी सोडल्यास भरावी लागणारी रक्कम वाचावी, आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा करण्याची अट असल्यास केवळ साक्षांकित प्रती देण्याची तयारी दाखवावी.