संसार मोडला आणि कर्जही थकलं: घटस्फोट व नादारीची कायदेशीर वाट

सोयाबीन हातचं गेलं, सोसायटीचं पीककर्ज थकलं, बचत गटाचा हप्ता भरायला सावकाराचे पैसे उचलले, घरात रोजची भांडणं सुरू झाली आणि बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली. वऱ्हाडात हे कोणाला उलगडून सांगावं लागत नाही. मग दोन्हीकडची चार माणसं बसतात, तहसीलसमोरच्या अर्जनवीसाकडून स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि दोघंही सुटलो म्हणून घरी जातात. कायद्याने त्यातलं कोणीच सुटलेलं नसतं. लग्न कायम असतं आणि कर्जही ज्याच्या नावावर होतं त्याच्याच नावावर राहतं.

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे. बौद्ध पद्धतीने लागलेलं लग्नही त्यातच येतं. या कायद्याखाली घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कलम २९ तिला मान्यता देतं, पण ती रूढी खरोखर चालत आलेली आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं आणि ते अवघड जातं. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही. त्यांच्यात जमातीची रूढी चालते. मुस्लिम बाईला १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येतो. बाकीच्यांनी नुसत्या सोडचिठ्ठीच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा होतो.

पहिलं काम: कर्जाची वही

वकिलाकडे जायच्या आधी एक वही करा. प्रत्येक कर्ज कोणाचं, कोणाच्या नावावर, सही कोणाची, जामीनदार कोण, तारण काय आणि आज बाकी किती, हे त्यात उतरवा. सातबारा काढला की फक्त वरचं नाव आणि क्षेत्र पाहून घडी घालू नका. 'इतर हक्क' हा रकाना वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथेच नोंदलेला असतो, आणि कधी कधी घरच्या बाईला त्याची खबरच नसते. गटाच्या कर्जाचं कार्ड, सोनेतारणाची पावती, सावकाराला दिलेले कोरे चेक हेही लिहा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. आपल्या नावावर कोणी काय उचललं हे त्यात दिसतं.

या वहीत एक गोष्ट नीट समजून घ्या. पैसा कोणी वापरला हे बँक पाहत नाही, सही कोणाची ते पाहते. गटाचं कर्ज बाईच्या नावावर आणि त्या पैशातून बोअर खणली नवऱ्याच्या वावरात, असं असलं तरी वसुली बाईकडूनच होते. ती माहेरी गेली आणि हप्ता चुकला, तर गटातल्या बाकीच्या बायांना तगादा लागतो. माझ्या मते आपल्या भागातल्या फारकतीत सर्वांत मोठा अन्याय इथेच होतो, आणि तडजोडीच्या बैठकीत याचं नाव कोणी काढत नाही.

घटस्फोटाचा अर्ज

नागपूर, अमरावती, अकोला अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे नाही तिथे अर्ज दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तराकडे जातो. लग्न लागलं ते गाव, दोघं शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण किंवा समोरचा राहतो ती जागा ज्या न्यायालयाच्या हद्दीत असेल तिथे अर्ज करता येतो. बायको अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही चालतो, म्हणजे माहेरच्या हद्दीत. लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत सहसा अर्ज घेत नाहीत. लग्नाची नोंदणी नसेल तर पत्रिका, फोटो आणि हजर असलेले साक्षीदार कामी येतात.

वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाई, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, दूरध्वनी १५१००. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात बायांना कोर्ट फी माफ आहे.

दोघांची तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीने घटस्फोट मिळतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिला अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी हजर व्हायचं. हे सहा महिने न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, म्हणून सगळे पैसे आधीच हातावर ठेवू नका आणि सगळे शेवटावरही ठेवू नका, टप्पे पाडा.

तडजोडपत्रात लेकरं कोणाकडे, पोटगी किती आणि स्त्रीधन कधी परत हे लिहितातच. त्यात वहीतलं प्रत्येक कर्ज कोण फेडणार तेही ओळीने लिहा. अर्थात नवराबायकोचा हा करार बँकेवर बंधनकारक नसतो. तेव्हा दुसऱ्या हजेरीच्या आधी शक्य तेवढी कर्जं मिटवून निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, हातात घ्या.

एकाची संमती नसेल तर क्रूरता, सोडून जाणं असं कारण सिद्ध करावं लागतं आणि वेळ लागतो. न्यायालयाचा बेलीफ नोटीस घेऊन आला तर ती घ्या. नाकारली म्हणून दावा थांबत नाही, एकतर्फी निकाल होतो.

पोटगी

दावा चालू असतानाच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागता येते. घटस्फोट मागायचाच नसेल तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मिळते. जुनं कलम १२५ ते हेच. २०२० पासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं, तिथे ती वही उपयोगी पडते. 'माझ्यावर कर्ज आहे' एवढ्यावर धडधाकट नवऱ्याची पोटगीतून सुटका होत नाही. थकवली तर तुरुंगवास होऊ शकतो, आणि तो भोगल्यावरही थकबाकी उरतेच.

कर्जाचं काय?

नादारीचा, म्हणजे देणं फेडता येत नाही असं न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा, विचार करण्याआधी कास्तकाराला कायद्याने आधीच दिलेलं संरक्षण पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, गरजेची जनावरं आणि बियाणं जप्त होत नाही. धर्मरूढीने बाईला अंगावरून काढता येत नाही असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र, तेही नाही. तारण दिलेल्या वस्तूला मात्र हे संरक्षण नाही. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा सरफेसी कायदा बँकेला शेतजमिनीवर वापरता येत नाही.

थकीत कर्जाला बँकेकडे पुनर्गठन किंवा एकरकमी तडजोड मागा, लेखी मागा आणि पोच घ्या. लोकअदालतीतली तडजोड पक्की असते, तिच्यावर अपील नाही. गटाच्या कर्जाचे वसुलीवाले सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर तगादा लावत असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध आहे. तक्रार १४४४८ वर. सावकार विनापरवाना असेल तर सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करा. २०१४ च्या सावकारी कायद्यात बळकावलेली जमीन परत मिळण्याचीही सोय आहे.

एवढं करूनही देणं आवाक्याबाहेर असेल तरच नादारी. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग सध्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच चालू आहे. आपल्याकडच्या सामान्य माणसाला अजून १९२० चा प्रांतीय नादारी कायदा लागू आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात. त्यात सगळ्या धनकोंची, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांची, नावं, पत्ते, रकमा आणि आपली सगळी मालमत्ता लिहून ती न्यायालयाच्या स्वाधीन करायची तयारी दाखवावी लागते. धनकोंना नोटिसा जातात, सुनावणी होते. नादार ठरलात की जप्तीतून सूट असलेल्या वस्तू सोडून बाकी मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसिव्हरकडे जाते. नंतर न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीत देण्यातून मुक्ततेचा अर्ज करायचा. मुक्तता मिळेपर्यंत ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांचीही उधारी घेणं गुन्हा आहे.

पोटगीचा हुकूम मात्र नादारीने पुसला जात नाही, सरकारी देणंही नाही, आणि तारणधारक बँकेचा तारणावरचा हक्कही जात नाही. बायकोला काही मिळू नये म्हणून वावर भावाच्या नावाने बक्षीसपत्र करून ठेवणाऱ्यांनीही ऐकावं: अशा व्यवहाराच्या दोन वर्षांत नादारीचा अर्ज झाला तर न्यायालय तो रद्द करू शकतं.

निकालानंतर

हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढा. अपिलाची मुदत ९० दिवस. तोवर दुसरं लग्न नको. रेशनकार्ड वेगळं करा. फिटलेल्या कर्जाचा निल दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा उतरवण्याचा फेरफार लावा आणि नवा सातबारा काढून तो रकाना पुन्हा वाचा. बँक खात्यावर आणि विम्यावर नामनिर्देशन जुन्याच जोडीदाराचं असेल तर त्याच आठवड्यात बदला.