मशीननं मारलं म्हणून कुणी सुटू नये: ऑटोनॉमस हत्यारांवरचा ठराव कसा लिहायचा

परवा रात्री अकराला भाच्याचा मेसेज. कॉलेजात ठराव लिहायची स्पर्धा आहे, विषय ऑटोनॉमस हत्यारं आणि युद्धाचे कायदे, दोन पानं, शुक्रवारपर्यंत द्यायचंय, मामा जरा बघा की. सोबत त्यानं लिहिलेलं पहिलं पान पण होतं आणि सुरुवातच 'एआय शाप की वरदान'. म्हटलं काय करूलास बाबा, हे पान आधी फाड. मग जे सांगितलं ते इथं टाकतोय, इतर पोरांना पण उपयोगी पडेल. तसं निवेदनं आणि ठराव लिहिण्यात आम्हा बेळगाव सीमाभागवाल्यांचा हात कोण धरणार, १९५६ पासून दुसरं काय केलंय, त्यामुळं ठरावातला एक ढिला शब्द पुढं किती वर्षं छळतो हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही.

सुरुवात व्याख्येपासून करायची, पण त्यात 'एआय', 'रोबो', 'स्वतः विचार करणारं' असलं काही घालायचं नाही. आमच्या खानापूर भागात रानडुकरं आणि गवे पीक फस्त करतात म्हणून काहीजण शेताभोवती तारेत डायरेक्ट करंट सोडतात, बेकायदेशीर आहे तरी सोडतात. थ्री फेज रात्री येते, कुणीतरी मोटर चालू करायला अंधारात बांधावरनं जातो आणि चिकटतो. आता तार सोडणाऱ्याला काय माहीत होतं? जागा माहीत होती. कोण येणार, कधी येणार, डुक्कर की शेजारचा पोरगा, हे माहीत नव्हतं. ऑटोनॉमस हत्याराचं मूळ दुखणं नेमकं हेच आहे, तीच तार, फक्त कॅमेरा लावलेली आणि उडणारी. म्हणून व्याख्या अशी लिही: एकदा चालू केल्यावर पुढं माणसानं काही न करता, सेन्सरच्या भरवशावर स्वतः लक्ष्य निवडून त्यावर मारा करणारं हत्यार. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती पण साधारण अशीच व्याख्या धरते.

ही व्याख्या लावून बघ. कुणीतरी स्क्रीनसमोर बसून निशाणा धरतोय आणि बटण दाबतोय असा ड्रोन यात येत नाही. उसावर फवारणी करणारा ड्रोन आपोआप उडतो पण तो कुणाला मारायला निघालेला नाही, तो पण नाही. पण जहाजावर येणारी मिसाईल आपोआप पाडणारी फॅलँक्स तोफ, जी १९८० पासून वापरात आहे, ती येते. रडार शोधत आकाशात घिरट्या घालणारं आणि सापडलं की त्यावर जाऊन आदळणारं इस्रायलचं हार्पी येतं, ते आपल्याकडं पण आहे. आणि खरं बघितलं तर जमिनीत पुरलेला सुरुंग हा या सगळ्यांचा आजोबा. 'स्वतः शिकणारं आणि मानवासारखा निर्णय घेणारं यंत्र' अशी भारी व्याख्या केलीस तर त्यात आज कुठलंच हत्यार बसणार नाही, मग सगळे देश हसत हसत सही करतील.

मग आजचा कायदा काय म्हणतो ते वाचायचं. १९४९ चे जिनिव्हा करार आहेत आणि त्यांचा १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे पुरवणी करार आहे. कलम ४८, सैनिक आणि सामान्य माणूस यात फरक करा. कलम ५१, अंदाधुंद मारा नको, आणि लष्करी फायद्याच्या मानानं सामान्य लोकांचं नुकसान जास्त होणार असेल तर हल्ला नको. कलम ५७, हल्ल्याआधी खबरदारी घ्या. कलम ४१, शरण आलेल्याला आणि जखमी होऊन पडलेल्याला मारू नका. भारत या पहिल्या प्रोटोकॉलचा सदस्य नाही हे ठरावात प्रामाणिकपणे लिही, नाहीतर समोरचा तिथंच पकडेल, पण यातले मुख्य नियम प्रथा म्हणून सगळ्यांनाच लागू धरले जातात.

आता ही युक्ती कर. प्रत्येक कलमासमोर पेन्सिलीनं लिही, हे करायचं कुणी. कलम ५७ चे शब्दच आहेत, हल्ल्याची आखणी करणारे किंवा निर्णय घेणारे. म्हणजे माणसं. कायदा यंत्राशी बोलतच नाही, यंत्र कायदा पाळत नाही आणि मोडत पण नाही, जशी तार पाळत नाही. तेव्हा 'यंत्रांनी युद्धाचे नियम पाळावेत' असलं वाक्य कुठं दिसलं की खोडायचं. मोठमोठ्या लोकांच्या भाषणात पण ते सापडतं.

फरक करणं म्हणजे काय हे कळायला आपलाच ऊसतोडीचा फड डोळ्यासमोर आण. पहाटे पाचला अंधारात वीस माणसं ओळीनं सरकताहेत, प्रत्येकाच्या हातात लोखंडी कोयता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मागं ट्रॅक्टर. वरनं उष्णतेच्या कॅमेऱ्यात हे कसं दिसेल? टोळी म्हणायची की तुकडी? आपण ओळखतो कारण सीझन माहीत आहे, कारखाना माहीत आहे, पोरं बांधावर झोपवलीत ते दिसतंय. रणगाडा ओळखणं त्या मानानं सोपं, त्याला आकार आहे, पण माणूस सैनिक आहे की नाही हे त्याच्या आकारावर नसतंय, तो काय करतोय यावर असतंय. आणि फायदा विरुद्ध नुकसान हा हिशोब तर दर तासाला बदलतो, रात्री दोनचा पूल आणि सकाळी शाळा सुटतानाचा पूल एक नव्हे.

ठरावाचा गाभा दोन कप्प्यांत बसव, बंदी आणि मर्यादा. रेडक्रॉसनं २०२१ मध्ये हीच वाट सुचवली आणि मला ती पटते. बंदी दोन गोष्टींवर: ज्याचं वागणं वापरणाऱ्यालाच आधी नीट सांगता येत नाही असं हत्यार, आणि माणसांनाच लक्ष्य करायला बनवलेलं हत्यार. वापरात यायच्या आधीच बंदी कशी घालणार असं कोणी म्हणालं तर १९९५ चं उदाहरण तयार ठेव, डोळे कायमचे आंधळे करणारी लेझर हत्यारं रणांगणावर रुळायच्या आधीच त्यांच्यावर प्रोटोकॉल करून बंदी घातली, १९८० च्या पारंपरिक हत्यारांच्या कराराखाली.

बाकीच्यांना मर्यादा, आणि त्या चार: लक्ष्य कुठलं, जागा किती, वेळ किती, मारा किती. भर समुद्रात, येणाऱ्या मिसाईलवर, काही मिनिटांसाठी चालू केलेली तोफ चालेल. तीच तोफ गणपतीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या भरगच्च गणपत गल्लीत चालू करून कुणी चहाला गेला तर? यंत्र तेच, सॉफ्टवेअर तेच, पण बेकायदेशीर. सगळे जण यंत्र किती हुशार यावर भांडत बसतात आणि ते सोडलं कुठं हा प्रश्न राहून जातो.

'माणसाचं नियंत्रण' या शब्दावर मात्र थांब, इथं सगळ्यात जास्त फसवाफसवी आहे. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत अधिकारी स्टानिस्लाव पेट्रोव्हच्या स्क्रीनवर अमेरिकेनं मिसाईल सोडल्याचा इशारा आला, त्यानं मशीनवर विश्वास ठेवला नाही, खोटा अलार्म म्हणून वर कळवलं, आणि तो खोटाच निघाला. हे उदाहरण सगळे देतात. पण त्याच्या शेजारी दुसरं ठेव. ३ जुलै १९८८, अमेरिकेच्या व्हिन्सेन्स जहाजानं इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. विमान वर चढतंय असं जहाजाची यंत्रणा बरोबर नोंदवत होती, पण घाबरलेल्या माणसांनी ते खाली येतंय असं समजलं. बटण माणसाच्याच हातात होतं की. तेव्हा 'माणूस असावा' एवढं लिहून भागत नाही. त्याला समोर काय आहे याची माहिती हवी, विचार करायला वेळ हवा आणि थांबवायची सोय हवी, तिन्ही गोष्टी कलमात वेगवेगळ्या लिही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या २०१२ च्या निर्देशात, जो २०२३ ला सुधारला, 'योग्य पातळीचा मानवी विवेक' असा शब्द आहे. योग्य म्हणजे किती हे ज्याचं त्यानं ठरवायचं. असला रबरी शब्द आपल्या ठरावात नको.

हे भाच्याला सांगत होतो तेव्हा आप्पा बाजूला बसलेले, मराठा रेजिमेंटमधनं हवालदार म्हणून रिटायर, आमच्या गावात दर दोन घराआड एक मिल्ट्रीवाला असतोच. ते म्हणाले, पहाऱ्यावर आम्ही आधी 'थम, कौन आता है' म्हणायचो, ते कशाला? मी म्हटलं इशारा द्यायला. नव्हे, म्हणाले, तो कसा थांबतो ते बघायला, आपला असला तर दचकून थांबतो आणि चिडून बोलतो, दुसरा असला तर गप्प राहतो नाहीतर पळतो. दक्षिण कोरियानं सीमेवरच्या पहाऱ्यासाठी सेन्सर लावलेली बंदूक बनवली त्याबद्दल सांगितलं तर आप्पांचा एकच प्रश्न, ती दचकणं ओळखते काय. हे ठरावात कसं लिहायचं मला पण सुचलं नाही, पण भाच्यानं 'समोरच्याला आपली ओळख द्यायची किंवा शरण यायची खरी संधी मिळाली पाहिजे' असं लिहिलं, बरं आहे.

आता जबाबदारी. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा जो कायदा आहे त्यात गुन्ह्यासाठी साधारणपणे हेतू आणि माहिती लागते, भारत त्याचा सदस्य नाही पण अडचण सगळीकडं सारखीच. कमांडर म्हणणार मला मारायचं नव्हतं, इंजिनियर म्हणणार मी फक्त कोड लिहिला, कंपनी म्हणणार सैन्यानं चुकीचं वापरलं, आणि तारेला तर कोर्टात उभं करता येत नाही. यावर कलम असं घाल की हत्यार कसं वागेल हे समजून न घेता ते चालू करणं हाच मुळात भंग, मला माहीत नव्हतं हा बचाव चालणार नाही. चालू करणाऱ्याचं नाव, वेळ, जागा आणि घातलेल्या मर्यादा यांची नोंद सक्तीची. पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम ३६ मध्ये नवीन हत्यार कायद्यात बसतं का हे तपासायची अट आहे, तिला जोड दे की सॉफ्टवेअर बदललं की तपासणी परत. बंदूक दहा वर्षांनी पण तीच बंदूक असते, हे मात्र रात्रीत अपडेट होतंय.

भारताची बाजू टाळू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३ ला या विषयावर ठराव आला, १५२ मतं बाजूनं, ४ विरोधात, आणि त्या चारात भारत. लगेच नाकं मुरडू नका. भारताचं म्हणणं की ही चर्चा १९८० च्या त्या पारंपरिक हत्यारांच्या कराराखालीच व्हावी कारण हत्यारं बनवणारे मोठे देश तिथं आहेत, आणि तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाची पहिली बैठक २०१७ ला झाली तेव्हा अध्यक्ष भारताचेच राजदूत अमनदीप सिंग गिल होते. त्याच गटानं २०१९ ला ११ मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. पण तिथं सगळं सर्वसहमतीनं चालतं, एकानं मान हलवली नाही की गाडी थांबली, ही दुसरी बाजू पण लिही.

विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा म्हणजे मशीन थकत नाही, चिडत नाही, सूड घेत नाही. हे खरं आहे आणि मान्य कर. दुसरा मुद्दा त्याहून अवघड. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी दोन्ही बाजूंनी ड्रोन उडाले ते आपण टीव्हीवर बघितलं. ड्रोनचा रेडिओ सिग्नल जाम केला की तो मालकापासनं तुटतो, मग मोह होतो की तुटल्यावर त्यानं स्वतःच ठरवावं. माणसाच्या हातातनं निर्णय निसटतो तो बहुतेक अशाच जागी, कुणी खलनायक बसून ठरवत नाही. माझं मत, कलम असावं की संपर्क तुटला की नवीन लक्ष्य निवडायचं नाही, परत फिरायचं किंवा निकामी व्हायचं. आप्पांना हे अजिबात पटलं नाही, म्हणाले मग शत्रू पहिला सिग्नलच तोडणार आणि तुमचं सगळं भंगार. बरोबर आहे त्यांचं. तरी मी कलम ठेवलं, फक्त आधीच नक्की केलेल्या रडार किंवा रणगाड्यासाठी सूट दिली.

अणुहत्यारं, सायबर वगैरे यात घुसडू नका, दोन पानं संपतील. शेवटी सगळा मसुदा घरातल्या मिल्ट्रीवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. आम्ही तेच केलं, आप्पा कलम तीनपर्यंत डोळे मिटून ऐकत होते, कलम चार आलं, 'शरण आलेल्यावर मारा होता कामा नये', तर म्हणाले, थंडीत पोस्टवर माणूस कांबळं पांघरून बसलेला असतो गा, आतनं हात वर केलेले मशीनला दिसणार कसे? भाचा वही घेऊन परत बसलाय.