ऑनलाइन दुकान बंद होण्याआधी: विकत घेतलेले डिजिटल गेम आपल्याकडे कसे राखावेत

निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या गेम-यंत्रांचं ईशॉप हे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी खरेदीसाठी बंद केलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०चं दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झालं. दोन्ही कंपन्यांनी आधी घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करायची सोय तेवढी चालू ठेवली, पण ती कधी काढायची हे त्यांच्याच हातात आहे. खरेदी थांबते तो दिवस वेगळा, डाउनलोड थांबतं तो वेगळा आणि परवाना तपासणारा सर्व्हर बंद पडतो तो तिसराच. पहिल्या दिवसाची बातमी होते, पुढच्या दोन्हींची होईलच असं नाही. म्हणून गेमची पूर्ण फाइल आपल्या डिस्कवर आहे आणि तो नेटशिवाय सुरू होतो हे आपण करून पाहिलंय, या दोन्ही गोष्टी झाल्या तरच गेम राखला असं समजा.

आधी वाया जाणारी मेहनत टाळा. जो गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला लागतो, त्याची फाइल साठवून उपयोग नाही. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि डिस्कवर घेतलेल्यांचाही गेम गेला. गेम नेटवरूनच खेळवणारं गुगलचं स्टेडिया १८ जानेवारी २०२३ला बंद झालं. तिथे तर गेम खेळणाऱ्याच्या यंत्रावर कधी उतरलेच नव्हते. पैसे परत मिळाले, एवढंच. असे गेम यादीतून वेगळे काढा आणि बाकीच्यांकडे वळा.

गॉगवरचे गेम

गॉग हे संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान. सुरुवात इथून करा, कारण इथे काम शंभर टक्के पूर्ण होतं. गॉग गेमला कुलूप, म्हणजे कॉपी रोखणारी किंवा परवाना तपासणारी यंत्रणा, लावत नाही. वेबसाइटवर आपल्या लायब्ररीत गेम उघडला की ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर दिसतात. गॉगच्या गॅलेक्सी अॅपमधून गेम नुसता इन्स्टॉल करणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे इन्स्टॉलरच उतरवायचे. मोठ्या गेमला ‘सेटअप’ने सुरू होणारी एक छोटी ईएक्सई फाइल असते आणि तिच्यासोबत साधारण ४ जीबीपर्यंतच्या एक किंवा अनेक बिन फाइल. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात आणि नावं जशीच्या तशी हवीत. डाउनलोड मध्येच तुटून पुन्हा केलं की ब्राउझर नावापुढे कंसात १ लावतो. मग इन्स्टॉल अर्ध्यावर थांबतं आणि ‘पुढची डिस्क घाला’ असा चमत्कारिक निरोप येतो. डिस्क कसलीच नको असते, कंसातला १ काढला की काम होतं.

सगळ्यात जास्त विसरतात ते डीएलसी, म्हणजे गेमला नंतर जोडायचे जादा भाग. प्रत्येक डीएलसीचा इन्स्टॉलर वेगळा असतो आणि यादीत खाली असतो. विंडोज, मॅक, लिनक्स यांचेही वेगळे, काही गेममध्ये भाषेनुसारही वेगळे. शिवाय गेम अपडेट झाला की साइटवर नवी आवृत्ती येते आणि जुना इन्स्टॉलर निघून जातो. एखाद्या अपडेटने गाणी काढली किंवा जुने मॉड (खेळणाऱ्यांनी केलेले बदल) मोडले, तर आधी उतरवलेली फाइलच कामाला येते. म्हणून नवी घेतली तरी जुनी लगेच पुसू नका, फोल्डरच्या नावात तारीख घाला.

स्टीमवरचे गेम

स्टीम हे संगणकावरच्या गेमचं दुकान आणि ते चालवणारं अॅपही. इथे दोन गट पडतात आणि कोणता गेम कुठल्या गटात आहे हे बघूनच कळतं. गेम इन्स्टॉल करून एकदा चालवा. मग स्टीम पूर्ण बंद करा. खिडकी बंद करून भागत नाही, घड्याळाजवळच्या चिन्हावर राइट क्लिक करून बाहेर पडा. नेटची वायर काढा. स्टीमअॅप्स फोल्डरातल्या ‘कॉमन’मध्ये गेमचं फोल्डर उघडा आणि आतली ईएक्सई थेट चालवा. गेम सुरू झाला आणि सेव्हही झाला, तर ते फोल्डर जसंच्या तसं कॉपी केलं की पुरे. स्टीम उघडायला लागलं किंवा चूक दाखवून थांबलं, तर तो गेम स्टीमच्या परवान्यावर अवलंबून आहे.

दुसऱ्या गटासाठी ऑफलाइन मोड आहे, पण तो आधी तयार ठेवावा लागतो. लॉगिन करताना पासवर्ड लक्षात ठेवायची खूण करा, सगळे अपडेट संपू द्या, प्रत्येक गेम एकदा ऑनलाइन असताना मुख्य मेनूपर्यंत न्या आणि मगच स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन जा. अपडेट अर्धवट राहिलेला गेम ऑफलाइन उघडत नाही. डेनुव्हो हे कॉपी रोखणारं कुलूप असलेले गेम संगणकाचे भाग बदलल्यावर पुन्हा ऑनलाइन पडताळणी मागतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

स्टीमची स्वतःची बॅकअप सोय गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्सखाली आहे. ती डाउनलोडचा वेळ वाचवते, बाकी काही नाही: परत चढवायला स्टीम आणि खातं दोन्ही लागतात. त्यात तुमचे सेव्हही, म्हणजे खेळात कुठवर पोचलात त्याच्या नोंदीही, नसतात. आणि खुद्द स्टीम जुन्या विंडोजला सोडतं, विंडोज ७ आणि ८चा आधार १ जानेवारी २०२४ला संपला. जो गेम जुन्या विंडोजवरच नीट चालतो त्याची गॉगवर आवृत्ती असेल तर सेलमध्ये पुन्हा घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सेव्ह फाइल वेगळ्या उचलाव्या लागतात. त्या बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये, ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये किंवा लपवलेल्या अॅपडेटा फोल्डरात असतात; काही स्टीमच्या यूजरडेटामध्ये. नेमकी जागा पीसीगेमिंगविकी या वेबसाइटवर गेमच्या पानावर मिळते. क्लाउडवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, तो क्लाउड त्याच दुकानाचा आहे.

कन्सोल

कन्सोलवर फाइल आणि यंत्र एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे यंत्रच जपायचं. थ्रीडीएसच्या एसडी कार्डवरचं ‘निन्टेन्डो थ्रीडीएस’ हे फोल्डर सबंध संगणकावर कॉपी करून ठेवा. ते त्याच यंत्रावर चालतं. यंत्र फॉरमॅट केलं की तीच फाइल परकी होते आणि गेम दिसेनासे होतात, म्हणून काही बिघडलं तरी फॉरमॅटला हात लावू नका. वी यूची यूएसबी हार्ड डिस्कही त्याच वी यूला जोडलेली असते. यूएसबीवरूनच वीज घेणारी डिस्क असेल तर दोन पोर्टमधून वीज घेणारी वाय केबल लावा. वीज कमी पडली की डिस्क मध्येच गायब होते.

एक्सबॉक्स ३६०वर परवाना दोन ठिकाणी असतो: गेम घेणाऱ्या प्रोफाइलला आणि ज्या कन्सोलवर घेतला त्याला. मूळ कन्सोलवर गेम नेटशिवाय चालतो. कन्सोल बदललेला असेल तर ऑनलाइन साइन-इन नसताना पूर्ण गेमऐवजी ट्रायल उघडते. ती उघडली की समजा, परवाना या यंत्रावर आलेला नाही. खात्याच्या सेटिंगमधलं लायसन्स ट्रान्सफर त्यासाठीच आहे, ते झालं की आधीचे गेम डाउनलोड हिस्ट्रीतून पुन्हा उतरवा.

प्लेस्टेशन ३मध्ये सिस्टीम सेटिंग्जखाली बॅकअप युटिलिटी आहे. बाहेरची डिस्क फॅट३२ या फाइल साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली हवी. त्याच यंत्राची हार्ड डिस्क बदलली तर हा बॅकअप सगळं परत आणतो, दुसऱ्या प्लेस्टेशनवर मात्र संरक्षित गेम येत नाहीत. आतली सीआर२०३२ बॅटरी संपली की घड्याळ शून्यावर जातं आणि नेटवरून वेळ लावेपर्यंत डिजिटल गेम अडतात. सोनीचं नेटवर्क चालू आहे तोवर ती बॅटरी बदलून वेळ लावून घ्या.

साठवण

१०० एमबीपीएसच्या जोडणीवर तासाला जास्तीत जास्त ४५ जीबी उतरतात. ५०० जीबीची लायब्ररी म्हणजे अकरा-बारा तास. बऱ्याच ‘अनलिमिटेड’ फायबर योजनांत महिन्याला सुमारे ३३०० जीबीची मर्यादा असते, तेवढ्यात हे सहज बसतं. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर हे काम होणार नाही. त्यासाठी कुणाच्या तरी घरच्या फायबरवर जाऊन बसा.

संगणकाच्या बॅकअपला फिरत्या तबकडीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या, एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. एसएसडी महिनोन् महिने विजेशिवाय पडून राहायला योग्य नाही. प्रती दोन ठेवा, दुसरी वेगळ्या घरात. कॉपी झाल्यावर सेव्हन-झिप या प्रोग्रामच्या राइट क्लिक मेनूतून प्रत्येक मोठ्या फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. पुढे शंका आली तर तोच आकडा पुन्हा काढून ताडता येतो. कोकण, मुंबई, गोव्याच्या पावसाळ्यात डिस्क आणि कार्ड हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेल दरवर्षी बदला.

खरी परीक्षा दुसऱ्या संगणकावर होते. ज्यावर तो गेम कधीच नव्हता असं यंत्र घ्या, नेट तोडा, बॅकअपवरून इन्स्टॉल करा. ‘डीएलएल सापडली नाही’ असा निरोप आला तर बहुधा गेमला लागणारे मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस किंवा डायरेक्टएक्सचे जुने भाग कमी आहेत. डायरेक्टएक्सचा वेब इन्स्टॉलर नेट मागतो, म्हणून जून २०१०चा पूर्ण संच उतरवून डिस्कवर ठेवा.

भारतात प्रताधिकार कायद्याचं कलम ५२(१)(कक), इंग्रजी मसुद्यातलं डबल ए, कायदेशीरपणे घेतलेल्या संगणक प्रोग्रामची नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत करू देतं. कुलूप तोडण्याबद्दल कलम ६५-क वेगळं आहे, आणि मित्रांना प्रती वाटणं तर यात बसतच नाही.

शेवटी खातं. प्रत्येक खरेदीची पावती पीडीएफ करून त्याच डिस्कवर टाका, टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड कागदावर छापा आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून तुमचाच आहे का ते आजच बघा. सिम बंद झालेलं असेल तर डाउनलोड चालू असूनही आत जाता येणार नाही.