बंदुकीच्या आवाजात कानाला नेमकं काय लावायचं?

शूटिंग रेंजवर नवीन आलेलं पोरगं पिस्तूल कुठलं घेऊ, शूज कुठले, जॅकेट शिवून घेऊ का रेडीमेड, सगळं विचारतं, पण कानाला काय लावू हे फार कमी जण विचारतात, कारण कोपऱ्यातल्या खोक्यात जुने मफ, म्हणजे हेडफोनसारखे कान झाकणारे कप, पडलेलेच असतात, गादी कडक होऊन भेगा पडलेले, तेच उचलायचे आणि लावायचे. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूया. सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो, पाकिटावरचा आकडा बघून भारीतलं भारी घ्यायची गरज नाही, तुमच्या कानात नीट बसणारं स्वस्तातलं घ्या आणि ते घालायला शिका. आणि खरेदीच्या आधी हे ठरवा की तुम्ही कुठे, काय आणि किती फायर करणार आहात.

आवाजाचं गणित थोडक्यात. कारखान्यात वगैरे ८५ डेसिबल आवाज रोज ८ तास, ही कानाची मर्यादा धरतात. बंदुकीसारख्या क्षणिक धमाक्याला १४० डेसिबल ही लक्ष्मणरेषा मानतात. .२२ (बारीक गोळीची छोटी कॅलिबर) रायफल साधारण या रेषेवरच असते, .२२ पिस्तूल तिच्या वर जातं कारण नळी आखूड आणि तोंड कानाच्या जवळ, बारा बोरची शॉटगन १५० च्या बरंच पुढे, आणि मोठ्या कॅलिबरची हंटिंग रायफल १६० ते १७० पर्यंत. आता १४० आणि १६० मध्ये फरक फक्त २० चा दिसतो, पण डेसिबलमध्ये दर १० ला ऊर्जा १० पट होते, म्हणजे हा १०० पटीचा मामला झाला. शिवाय बार इतक्या झटक्यात होतो की मोठ्या आवाजाला कान स्वतःला जे आवळून घेतो ना, त्यालाही वेळ मिळत नाही. आतल्या केसांसारख्या पेशी मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. फायरिंगनंतर कानात दडे बसले, कुंई वाजत राहिलं आणि सकाळी बरं वाटलं तर लोक म्हणतात झालं ठीक, तसं नसतं हो, थोडं थोडं जात असतं आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, त्यामुळे बरीच वर्षं पत्ताच लागत नाही.

अजून एक गंमत (गंमत कसली म्हणा), उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान जास्त मार खातो. मान वाकवून गाल दस्त्यावर टेकवला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. म्हणून एकच प्लग (कानाच्या आत घालायचं बूच) उरला असेल तर उजव्या कानात कोंबून बसू नका, खरं म्हणजे एकावर फायर करूच नका.

आता तुमचा खेळ कुठला ते बघा. १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल असेल तर दारूच नसते, आवाज बराच कमी, तिथे पोरं प्लग घालतात ते जास्त करून लक्ष विचलित होऊ नये म्हणून. साधे फोमचे प्लग पुरे, त्यावर हजारो रुपये घालवू नका. पण .२२ ला हात लावला की हिशोब बदलतो. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ब्राँझ घेतलं ती ५० मीटर रायफल थ्री पोझिशन किंवा राही सरनोबतची २५ मीटर पिस्तूल, या दोन्ही .२२ च्या इव्हेंट, आणि मॅचचे ६० शॉट धरले तरी त्यात सायटर, म्हणजे मॅचआधीचे नेम जुळवायचे शॉट, आले नाहीत, प्रॅक्टिस आली नाही, आणि शेजारच्या लेनवाल्याचे बार तर मोजतच नाही कोणी. तुम्ही लोड करताय, मफ सरकवून घाम पुसताय, तेवढ्यात बाजूचा फायर करतो. बंद रेंज असेल तर भिंती आणि छत आवाज परत फेकतात, तिथे उघड्या रेंजपेक्षा एक पायरी जास्त संरक्षण धरा.

फोमचे प्लग. दहा-वीस रुपयांना जोडी मिळते आणि नीट घातले तर महागड्या मफपेक्षा जास्त आवाज अडवतात, पण 'नीट घातले तर' यातच सगळं आलं. बहुतेक लोक नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात, बुचासारखे. बरोबर पद्धत अशी की हात स्वच्छ, प्लग बोटांत गोल गोल वळून एकदम बारीक करायचा, सुरकुती पडू द्यायची नाही, मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतली वाट सरळ होते, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने २०-३० सेकंद धरून ठेवायचा. झाल्यावर दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघा. आवाजात फार फरक पडला नाही तर प्लग नीट बसलाय, तळवे दाबल्यावर एकदम शांत झालं तर बाहेर काढून परत घाला. कुणाला तरी समोरून बघायला सांगा, प्लगचा बराच भाग बाहेर डोकावत असेल तर तो आत गेलेलाच नाही. मळलेला प्लग धुवून वापरायचा नाही, फेकायचा. कान फुटलेला असेल, पू येत असेल तर प्लग घालूच नका, आधी डॉक्टर.

मफ घेताना पाकिटावर एनआरआर लिहिलेलं असतं, म्हणजे किती डेसिबल आवाज अडतो त्याचं अमेरिकन रेटिंग, युरोपातल्या मालावर एसएनआर असतं आणि एकाच वस्तूचा एसएनआर आकडा सहसा मोठा दिसतो, म्हणून दोघांची एकमेकांशी तुलना करू नका, एसएनआरची एसएनआरशीच. मफ साधारण २० ते ३० एनआरआरमध्ये येतात, फोमचे प्लग ३३ पर्यंत जातात. हे आकडे प्रयोगशाळेतले, व्यवस्थित बसवून काढलेले. प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्याच्या संस्थेने तर १९९८ च्या शिफारशीत मफचा आकडा पाव भागाने आणि फोमचा सरळ अर्ध्याने कमी धरायला सांगितलं होतं. आणि कुठल्याही रेटिंगचा पत्ता नसलेला, नुसता 'हेवी ड्यूटी' लिहिलेला ऑनलाइन माल, तो सोडूनच द्या.

दुकानात मफ लावून बघताना तुमचा शूटिंगचा चष्मा घालून बघा, हे कोणी करत नाही. जाड काडी गादीखालून गेली की तिथे फट पडते आणि आवाज फटीतूनच आत येतो. बारीक, चपट्या काडीचा चष्मा घ्या. केस, टोपी, कानातलं, ओढणी, सगळं गादीच्या बाहेर. रायफल किंवा बारा बोरवाल्यांनी दस्ता खांद्याला लावल्याची पोझिशन घेऊन बघायचं, जाडजूड कप दस्त्याला घासतो आणि गाल टेकवला की उचलला जातो, बरोबर बार होतो त्या क्षणाला. त्यासाठी खालून तासलेले चपटे कप मिळतात. त्यांचा आकडा थोडा कमी असतो, चालेल, उचलला न जाणारा २२ वाला हा उचलल्या जाणाऱ्या ३० वाल्यापेक्षा कधीही बरा.

मग कमी पडतंय ते कसं भरायचं? आत फोम आणि वर मफ. बंद रेंज, सेंटरफायर (.२२ पेक्षा दमदार काडतुसांचं) पिस्तूल, मोठी रायफल, मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात तो) लावलेली बंदूक, इथे दोन्ही म्हणजे दोन्ही. ३२ चा फोम आणि २५ चा मफ मिळून ५७ होत नाहीत मात्र, जास्त आकड्यात ५ मिळवायचे, म्हणजे ३७. त्याच्या फार पुढे जाताच येत नाही कारण मग आवाज कवटीच्या हाडातून आत शिरतो.

इलेक्ट्रॉनिक मफ सगळ्यांनाच हवेसे वाटतात. बाहेर माइक, आत छोटा स्पीकर, बोलणं ऐकू येतं आणि बार झाला की आवाज पुढे जात नाही. कोच, रेंज ऑफिसर, नव्याने शिकणारे यांच्यासाठी मस्त वस्तू. पण बार अडवण्याचं काम शेवटी प्लास्टिकचा कप आणि गादीच करते, त्यामुळे एनआरआर बघायचाच, हा बऱ्याचदा २२-२५ च्या आसपास असतो. आत फोम घालून वर इलेक्ट्रॉनिक लावायचं आणि व्हॉल्यूम वाढवायचा, ही माझी आवडती जोडी. आणि स्पर्धक मंडळींनो, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात खेळाडूला रिसीव्हर असलेलं, म्हणजे असं इलेक्ट्रॉनिक, कानाचं संरक्षण चालत नाही, ऑफिशियलना चालतं, तर मॅचसाठी म्हणून ते घेऊन बसू नका, प्रॅक्टिसला ठीक. मोबाइलचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड तर यात धरूच नका, ते विमानाच्या घरघरीसारख्या सलग आवाजासाठी असतात, बंदुकीच्या धमाक्याला त्यांचा उपयोग नाही.

शिकारीचं म्हणाल तर आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे, तो विषय इथे नको. पण अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक ऑफिसातल्या मित्रांबरोबर डिअर सीझनला जातात, त्यांचं म्हणणं एकच, कान बंद केले तर पाल्यातली चाहूल कशी लागणार, आणि दोन-चार बारांनी काय होतंय. तर .३०-०६ सारख्या हंटिंग रायफलचा एक उघड्या कानाने ऐकलेला बारसुद्धा पुरतो. तिथे इलेक्ट्रॉनिकच घ्या, कानात बसणारे किंवा मफ, कारण ते पूर्ण वेळ कानावर राहू शकतात. हरीण दिसल्यावर गळ्यातला मफ चढवू म्हणणारा त्या गडबडीत चढवत नाही, हे शिकारी स्वतःच सांगतात. बारीक भोकाचे, बिनबॅटरीचे प्लगही मिळतात, हळू आवाज आत येतो आणि मोठ्याला अडथळा होतो, मोकळ्या रानात एखाद-दुसऱ्या बाराला बरे, बंद रेंजवर नाही. डक ब्लाइंडमध्ये (बदकांच्या शिकारीला लपून बसायच्या आडोशात) शेजारी बसलेल्याची नळी तुमच्या कानापासून हातभर अंतरावर असते, तिथे आत फोम हवाच. सप्रेसर (नळीला लावायचं आवाज कमी करणारं नळकांडं) लावला तरी कान उघडे ठेवू नका, आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका तो थांबवत नाही.

कानाचं माप देऊन बनवलेले सिलिकॉनचे प्लग ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ, करून देतो. रोजच्या शूटरला, किंवा ज्यांच्या कानात फोम टिकत नाही त्यांना पैसे वसूल. त्यांनी फोमपेक्षा जास्त आवाज अडतो असं मात्र नाही, फायदा इतकाच की ते दरवेळी सारखे बसतात.

एनसीसीच्या कॅम्पला .२२ चं फायरिंग असतं तेव्हा अजूनही पोरं कानात कापूस घालून रांगेत उभी असतात, काही तर तेही नाही. कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही. पालकांनी सरळ फोमच्या जोड्या पाकीटभर द्याव्यात, मैत्रिणींनाही वाटता येतील. लहान कानांना छोट्या साइजचे येतात, मोठा प्लग दुखतो आणि मग पोरं तो अर्धा बाहेर काढून ठेवतात.

शेवटी सांभाळण्याचं. आपल्याकडे घाम आणि पावसाळा, दोन्ही गादीचे वैरी. वापरून झाल्यावर पुसा, गाडीच्या काचेखाली तापत ठेवू नका, गादी कडक झाली किंवा चिरली की गादीचा सेट बदला, बऱ्याच कंपन्या तो वेगळा विकतात. इलेक्ट्रॉनिकमधून जूनला बॅटऱ्या काढून ठेवा नाहीतर दसऱ्याला आत हिरवट गंज सापडेल. आणि फायरिंग सुरू करायच्या आधीच एक ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) करून कागद जपून ठेवा, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत होतो, इतरत्र कुठल्याही ऑडिओलॉजिस्टकडे. पुढच्या वर्षीचा त्याच्या शेजारी ठेवायचा आणि ३००० ते ६००० हर्ट्झच्या भागात खड्डा दिसतोय का ते बघायचं, दिसला तर फायरिंग थांबवून आधी कानाला काय लावता ते बदला.