कंडेन्सर माइकचं सर्किट: आधी माइकला स्वच्छ वीज द्या

घरी पहिल्यांदा माइकचा बारीक आवाज वाढवणारं सर्किट जोडलं तेव्हा आवाज आला, पण त्याच्यामागे सतत घुंइंइं चालू. मी ट्रान्झिस्टर बदलला, मग पुन्हा बदलला. तिसरा लावल्यावरही घुंइंइं तसंच होतं. दोष ट्रान्झिस्टरचा नव्हताच. मी अ‍ॅडॅप्टरवर सगळं चालवत होते आणि त्या विजेतली घाण थेट माइकमध्ये शिरत होती. माइकमधून जे निघतं तेच पुढे शंभरपट वाढतं, घाणीसकट, म्हणून या सर्किटमध्ये मी सगळ्यात जास्त जीव माइकच्या पुरवठ्यात घालते.

आपण ज्याला कंडेन्सर माइक म्हणून घेतो ती छोटी गोल डबी म्हणजे इलेक्ट्रेट कॅप्सूल. स्टुडिओतल्या मोठ्या माइकच्या पडद्याला बाहेरून विद्युतभार द्यावा लागतो, त्यासाठी सहसा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्याच केबलमधून दिलेली वीज) वापरतात. इलेक्ट्रेटमध्ये हा भार प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात कायमचा कोंडलेला असतो. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी हे जमवलं. मग आपण वीज कशाला देतो? डबीच्या आत एक इवलासा एफईटी (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) बसलेला असतो, त्याच्यासाठी. त्याला अर्ध्या मिलिअँपिअरपर्यंतच करंट लागतो.

सामान थोडंच आहे: कॅप्सूल, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर १ के, १० के, ४.७ के आणि १ मेग (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख ओहम), कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड, १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, ज्याच्यावर १०४ छापलेलं असतं. आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर, जोडा. सोल्डरिंग अगदी शेवटी.

कॅप्सूल उलटी करून उजेडात धरा. मागे दोन टिकल्या दिसतात. त्यातल्या एकीपासून तांब्याच्या बारीक रेघा कडेच्या धातूपर्यंत गेलेल्या असतात, ती ग्राउंड, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडायची बाजू. रेघा दिसत नसतील तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असली की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून एक टोक डबीच्या कडेला लावा, जिथे बीप वाजेल ती ग्राउंड.

आता पुरवठा. बॅटरीच्या प्लसपासून १ के, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड (प्लस वर, पट्टीची बाजू ग्राउंडला), आणि त्याच टोकापासून १० के कॅप्सूलच्या दुसऱ्या टिकलीला. १ के आणि १०० मायक्रोफॅरड ही जोडी गाळणीचं काम करते. पुरवठ्यातली गुणगुण, ट्रान्झिस्टरने करंट खेचल्यावर होणारी हालचाल, सगळं इथेच अडतं. बॅटरी वापरत असलात तरी ही जोडी वगळू नका.

इथेच थांबा आणि मोजा. कॅप्सूलच्या दोन टिकल्यांमध्ये साधारण साडेतीन ते सात व्होल्ट दिसले पाहिजेत. पूर्ण ९ दिसले तर कुठेतरी तार सुटलेली आहे, शून्य दिसलं तर शॉर्ट आहे. आकडा बरोबर असेल तर डबीवर हळूच फुंकर मारा. मीटरचे शेवटचे अंक थरथरतात. माइक जिवंत असल्याची ही खूण मला अजूनही फार आवडते.

मग ट्रान्झिस्टर. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. (२एन३९०४ लावणार असाल तर हाच क्रम उलटा असतो.) एमिटर ग्राउंडला. बॅटरीच्या प्लसपासून ४.७ के कलेक्टरला. १ मेग कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये. तो सरळ प्लसला लावायचा मोह टाळा. करंट वाढला की कलेक्टरचा व्होल्टेज उतरतो, बेसला कमी मिळतं आणि ट्रान्झिस्टर आपोआप जागेवर येतो. त्यामुळे गेन (करंट किती पट वाढवतो ते) कमीजास्त असलेला ट्रान्झिस्टर हाती आला तरी सर्किट चालतं. कलेक्टरवर साडेतीन ते पाच व्होल्टच्या दरम्यान काहीही आलं तरी चांगलं.

कॅप्सूलच्या टिकलीपासून बेसला १०४ चा कपॅसिटर जोडा. शंभर हर्ट्झच्या खालचं थोडं कापलं जातं, पण बोलण्यासाठी ते बरंच आहे, श्वासाचे धक्के आणि टेबलाची धडधड कमी होते. तबल्याचा बायाँ किंवा तंबोरा रेकॉर्ड करायचा असेल तर तिथे १ मायक्रोफॅरड लावा, प्लस माइककडे. कलेक्टरपासून १० मायक्रोफॅरड, प्लस कलेक्टरकडे, आणि त्याचं दुसरं टोक म्हणजे आपलं आउटपुट. ते अ‍ॅम्प्लिफायरच्या किंवा रेकॉर्डरच्या लाइन-इनला द्या. माइकच्या खाचेत घातलं तर आवाज फाटतो, कारण तिथे आत आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर असतो.

ऐकायला हेडफोन लावा. स्पीकर जवळ असेल तर शिट्टी सुरू होते आणि दोष सर्किटचा वाटतो. मनगटावरचं काट्यांचं घड्याळ डबीजवळ न्या. टिकटिक स्वच्छ आली की सोल्डरिंग करायला हरकत नाही.

कॅप्सूलला डाग देताना सोल्डरिंग आयर्नच्या बिटाचं टोक दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. नीट बसावा म्हणून मी एकदा डाग पुन्हा पुन्हा गरम केला आणि ती कॅप्सूल कायमची बहिरी झाली. तारांना आधी कथील लावून ठेवा, म्हणजे एका स्पर्शात काम होतं. कॅप्सूलपासून बोर्डापर्यंतची तार बोटभरच ठेवा. लांब हवी असेल तर शील्डेड वायर (आतल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली) घ्या आणि तिची जाळी ग्राउंडला जोडा. सगळं पत्र्याच्या डबीत बसवून ती डबीही ग्राउंडला जोडली की हात जवळ नेल्यावर येणारी गुणगुण जाते. सर्किट जेमतेम दीड मिलिअँपिअर खातं, तरी स्विच लावा.